पागा एक, घोडा एक

खोटं आधी मीच बोलले. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मंदाताईनं स्वतःची बाजू तेवढी रंगवली.

छप्पन साल संपत आलं होतं. मध्य भारत नावाचं आमचं राज्य नोव्हेंबरात मध्य प्रदेशात मिसळलं आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांत ज्यांनी उभा जन्म काढला ते बाबू ट्रंका बांधून स्टेशनवर उभे होते. त्याच थंडीत नगरपालिकेनं शहराचा नवा नक्शा करायला घेतला. कुठं घरं राहतील आणि कुठवर बाजार वाढेल, हे त्यात ठरणार होतं. त्यासाठी एक सर्वेवाला हातात टेप आणि बगलेत रजिस्टर घेऊन आमच्या गोठीत शिरला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जिथं जिथं मराठी पथकांचे तळ पडले, तिथं पुढं घरं झाली. त्या वस्त्यांना गोठ म्हणतात. आमची धुमाळांची गोठ. एक गल्ली, दोन्ही अंगांची मिळून बावीस घरं, सगळी एके काळी पलटणीत नाहीतर रिसाल्यात असलेल्यांची. ‘एके काळी’ हे मी आज म्हणते. त्या दिवशी मात्र एकाच्याही तोंडून ते निघालं नाही.

सर्वेवाला विचारायचा, पुढच्या भागात काय आहे. साधा प्रश्न. पण विचारणारा सरकारी, लिहून घेणारा, आणि बाजूला शेजारी कान टवकारून उभे. मग काय विचारता. गल्लीच्या तोंडाशी भालचंद्र राहतो, पलटणीत नाईक होता, पलटणच सरकारी फौजेत विरघळली तेव्हा घरी आला. तो म्हणाला, पुढं आमची कचेरी आहे, लोक भेटायला येतात. त्या खोलीत त्याची आई डाळ निवडते आणि दोन मुलं झोपतात. त्याच्या पलीकडचे म्हणाले, आमचा शिलेखाना आहे. होता शिलेखाना, दोन तलवारी आणि कोळशाची पोती. असं करत करत सर्वेवाला मधल्या घरापर्यंत, म्हणजे आमच्यापर्यंत पोचला तोवर अख्खी गोठ किल्ला झाली होती.

आमच्या घराचे धनी माझे थोरले दीर, जगदेवराव. गल्ली त्यांना दादासाहेब म्हणते, मीही म्हणते. ते ओट्यावर उभे राहून म्हणाले, “आमचं एकत्र कुटुंब. चूल एक. पुढं पागा आहे.”

“पागा याने अस्तबल?” सर्वेवाला म्हणाला. “तो घोडा कहाँ है?”

दादासाहेब अडले. मी पागेच्या अर्ध्या दाराआड उभी होते. डोक्यावर पदर होता, तोंड झाकलेलं होतं, ते तसंच ठेवून गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण समोरच्या ओट्यावर भालचंद्राची बायको पदर तोंडाला लावून हसताना मला दिसली. मी आतून म्हटलं, “शिवपुरी भेजा है. हवा बदलने.”

सर्वेवाल्यानं मान हलवली आणि लिहिलं, पागा एक, घोडा एक.

आता त्या पागेत खरं काय होतं ते ऐका. तिथं मी राहत होते. माझे मालक रिसाल्यात स्वार होते. अडतीस साली कवायतीत घोड्यावरून पडले आणि तिसऱ्या दिवशी गेले. दुर्गा तेव्हा नऊ महिन्यांची. महिना उलटला नाही तोच आमची वरची खोली पाहुण्यांना लागते असं निघालं. काही दिवस पागेत राहा म्हणाले. घोडे कधीच विकले गेले होते, जागा मोकळीच होती. मी शेणानं सारवून घेतली, तीन विटा मांडल्या आणि त्यावर पोरीची पेज शिजवली. त्या काही दिवसांना आता एकोणीस वर्षं होत आली होती.

जगाला मात्र सांगायचं, चूल एक. गणपतीत मी पुढच्या ओळीत बसायची, जाऊबाईंचं जरीचं लुगडं नेसून. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्यांना मी आतल्या स्वयंपाकघरातून फराळ आणून द्यायची आणि ते आटपलं की मागच्या बोळानं माझ्या पागेत परत. गोठीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या लोकांत एक रीत आहे, जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी बोलत नाही. मीही कधी बोलले नाही. शिवणयंत्र घेतलं, परकर-पोलकी शिवली, दुर्गेला शिकवलं. ती मुरारला मुलींच्या शाळेत शिकवायला लागली तेव्हा मला वाटलं, आता कसली भीती.

फेब्रुवारीत एका दुपारी मी यंत्रावर बसले होते. दाराशी एक माणूस आला. पायजमा, काळी टोपी, पन्नाशीचा. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत पावलं मोजायला लागला. मी पाहत राहिले. सहा पावलं झाली आणि त्याचा पाय माझ्या चुलीला लागला.

“अरे, यहाँ तो रोटी बनती है,” तो दचकून म्हणाला.

“रोटी घरातच बनते,” मी म्हटलं. “तुम्ही कोण?”

तो सिंधमधून आलेला. बाड्याच्या चौकात कडेला फळकुटावर दहा वर्षं कापड विकत होता. नगरपालिका अशा लोकांना पक्की दुकानं देणार होती आणि धुमाळांच्या गोठीतले पुढचे भाग बाजाराच्या पट्टीत गेले होते. जगदेवरावांनी त्याला ही जागा स्वतः दाखवली होती, बाहेरून.

मी म्हटलं, मी इथं राहते. त्यानं खोलीभर नजर फिरवली, खाट, कळशी, दोरीवरची धुणी, सगळं बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली. “बहनजी, मुझे दुकान चाहिए, किसी का घर नहीं. घर जाना क्या होता है, मुझसे पूछो.” आणि निघून गेला. बरा माणूस होता. पण तो गेला म्हणून काय झालं, त्याच्यामागे दुसरा येणार होता.

संध्याकाळी दुर्गा शाळेतून आली तर तिला सगळं सांगितलं. ती चप्पलसुद्धा न काढता ऐकत होती. “आई, तू घोडा बोललीस?”

“बोलले.”

“मतलब नक्शे में हम हैं ही नहीं,” ती म्हणाली. “घोडा आहे, आपण नाही.”

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. आधी स्वतःचा आला, मग सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघी नगरपालिकेत गेलो. तासभर बाकड्यावर बसवलं. मग नक्शाच्या साहेबांच्या खोलीत पाठवलं. दारावर पाटी होती, श्रीपाद अमुक अमुक. आपलेच निघाले, दरबारी कारकुनांच्या घराण्यातले. मी मराठीत सुरू केलं तसे तेही मराठीवर आले. टेबलावर आमची गल्ली पसरलेली होती, निळ्या कागदावर, हातभर लांब. भालचंद्राच्या घरापासून आमच्या पलीकडच्या टोकापर्यंत पुढचे सगळे भाग लाल रंगवलेले.

“लाल म्हणजे बाजार,” साहेब म्हणाले. “ज्या जागेत कुणी राहत नाही तीच आम्ही घेतलीय, बाई. कचेरी, शिलेखाना, पागा. मागची घरं घरंच राहतील. पुढं दुकानं निघतील. जागेचा मोबदला घरधन्याला मिळेल.”

“घरधनी कोण?”

“जगदेवराव. त्यांनी लिहून दिलंय, पागेचं दुकान करायला हरकत नाही.”

“आणि मी कुठं जाणार?”

त्यांनी रजिस्टर उघडलं. “कागदावर तुम्ही मागच्या घरात राहता. चूल एक.”

“कागद खोटा आहे,” मी म्हटलं. “थोडा त्यांनी केला, थोडा मी केला. घोडा नाही. पागेत मी राहते.”

साहेबांनी चश्मा काढून पुसला. माणूस कडक नव्हता, थकलेला होता. म्हणाले, “असं बघा. राजधानी गेली. बाबू गेले, त्यांच्यामागे भाजीवाल्याचं, धोब्याचं, टांगेवाल्याचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. बाजार वाढला नाही तर हे शहर बसेल. बाहेरून आलेली माणसं दहा वर्षं उन्हात माल विकतायत. त्यांना जागा द्यायची कुठून?”

“द्या ना. मी कुठं नको म्हणते,” मी म्हटलं. “पण सगळीकडे दुकानंच काढलीत तर त्यात घ्यायला कोण येणार? घेणारी माणसं रात्री झोपणार कुठं? गल्लीच्या तोंडाशी काढा दुकानं, तिथं टांगे थांबतात. मधे कशाला? माझ्या चुलीवर?”

“तुमचं शिवणयंत्र आहे म्हणता. मग ते एक दुकानच झालं की.”

“चूल आहे म्हणून हॉटेल झालं का?”

दुर्गेनं माझा पदर ओढला. साहेब मात्र हसले नाहीत, विचारात पडले. मग सांगितलं ते असं. पुढच्या सोमवारी ते स्वतः पाहणीला येतील. पण नुसती खाट दाखवून चालायचं नाही, खाट कुणीही मांडतं. गल्लीतल्या कुणीतरी, ज्याची चूल माझ्यापेक्षा वेगळी आहे अशा एका माणसानं, समोर येऊन सांगायचं की ही बाई इथं राहते आणि सही करायची. मग ते लाल पुसून तिथं रहिवास लिहितील. आणि मधे एक घर राहतं ठरलं तर बाजाराची पट्टी तिथंच थांबेल, कारण पट्टी तोडून पुढं नेता येत नाही.

“एकच माणूस?” मी विचारलं.

“एकच.”

मला वाटलं, बावीस घरांत एक माणूस म्हणजे काय मोठं. किती भोळी मी.

भालचंद्राकडे आधी गेले. तो खाली बघत म्हणाला, “मंदाताई, तुमचं खरं सांगितलं की साहेब म्हणणार, मग तुमची कचेरी कुठाय, दाखवा. मुलांच्या गोधड्या दाखवू?” मी म्हटलं, दाखव की, गोधडीची कसली लाज. तो म्हणाला, “तुम्हाला नाही समजायचं, पलटणीत होतो मी.” शिलेखान्यावाल्यांनी दारच लावून घेतलं. एकीनं तर मला साखर दिली, वाटीभर, आणि म्हणाली की आमचे हे घरात नाहीत. आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. चार दिवसांत बारा घरं फिरले. प्रत्येक ठिकाणी पाणी मिळालं, सुपारी मिळाली, सही नाही मिळाली. दुकान झालं तरी चालेल, मोबदलाही मिळतो, पण कचेरीत आई डाळ निवडते हे सरकारी कागदावर जायला नको. असे आमचे लोक.

शनिवारी दादासाहेबांनी बोलावलं. आता आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या विधवेशी समोरासमोर बोलत नाही. मधे कुणीतरी लागतं. ते झोपाळ्यावर बसले, मी दाराशी पदर ओढून उभी, आणि मधे दुर्गा. जाऊबाई, सुलोचनाबाई, आतल्या पडद्यामागे. त्या परक्या पुरुषांसमोर आयुष्यात आल्या नव्हत्या, पण पडद्यामागून त्यांना सगळं ऐकू यायचं.

“दुर्गे, तुझ्या आईला सांग,” दादासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, “नगरपालिकेत जाऊन घराण्याची इज्जत चव्हाट्यावर मांडायची ही रीत धुमाळांची नाही. वर माळ्याशेजारची खोली मोकळी करून देतो. तिथं राहावं. आमच्या चुलीवर जेवावं.”

दुर्गेनं माझ्याकडे बघितलं. माळ्याशेजारची खोली. अडतीस साली हेच म्हणाले असते तर मी पाया पडले असते. पण मधे एकोणीस वर्षं गेली होती. त्या पागेची मला लाज वाटायची हे खरं, पण त्या दाराची कडी माझी होती. मी कधी उठावं, काय शिजवावं, दुर्गेनं किती शिकावं, हे त्या कडीच्या आत मी ठरवलं. आता पुन्हा त्यांच्या चुलीवर जाऊन कोण ताटात किती वाढतं ते बघत बसू?

“दुर्गे, तुझ्या मोठ्या काकांना सांग,” मी म्हटलं आणि थांबले. मग डोक्यावरचा पदर मागं सारला, सबंध नाही, तोंड दिसेल इतकाच. “नको, मीच सांगते. दादासाहेब, मला खोली नको. मी राहते ते घर हवं.”

झोपाळा थांबला. दादासाहेबांचं तोंड मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होते. म्हातारे झाले होते. मला कीव आली असती, पण ते म्हणाले, “दुर्गे, सोमवारी पागेतलं सामान मागच्या अंगणात न्यायचं. पागेत खोगीर टांगायचं. न्यायला माणसं पाठवतो.”

“पाठवा,” मी म्हटलं. “खाटेवर मी बसलेली असेन. खाटेसकट न्यावं लागेल.”

दुर्गा बाहेर येऊन म्हणाली, “आई, तू तो कमाल है.” मी म्हटलं, गप बस, आधी मला पाणी दे.

सोमवारी पहाटेपासून गोठीत गडबड. सगळ्या गोठीत चांगला गालिचा एकच, तो आमच्या घरचा. आणि सगळ्यांच्या मिळून तलवारी चार. ठरलं असं की साहेब ज्या घरात असतील त्याच्या पुढच्या घरात मागच्या बोळानं गालिचा आणि तलवारी पोचवायच्या. भालचंद्राच्या कचेरीत तो पसरला, त्याच्या आईला डाळीसकट शेजारी पाठवलं, गोधड्या कोंबडीच्या खुराड्यावर टाकल्या. मला हे सगळं दुर्गा सांगत होती, ती छपरावर चढून बघत होती.

माझ्याकडे खोगीर घेऊन दोन माणसं आली खरी. मी दार सताड उघडं ठेवून चुलीशी बसले होते. माझं नऊवारी, दुर्गेच्या साड्या आणि तिचे दोन्ही परकर मी मुद्दाम दाराबाहेरच्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. खाट बाहेर ओट्यावर काढली होती. ती माणसं खोगीर हातात धरून उभी राहिली. बाईमाणसाच्या धुण्याखालून वाकून आत यायची त्यांची छाती झाली नाही. शेवटी खोगीर ओट्याखाली ठेवून गेली.

साहेब आले. भालचंद्राच्या कचेरीत चहा झाला आणि कुणाचा तरी हात लागून कप गालिच्यावर सांडला. पुढच्या घरच्या शिलेखान्यात साहेब शिरले तर तोच गालिचा, तोच ओला डाग, त्यातून वाफसुद्धा निघत होती म्हणे.  पुढची चार घरं साहेबांनी तशीच बघितली, डागाला वळसा घालून. मग आमच्याकडे आले. मागे दादासाहेब, भालचंद्र आणि दहा-बारा पुरुष, सगळे फेटे बांधून.

“घोडा शिवपुरीहून आला का?” साहेबांनी मला विचारलं.

“कधी गेलाच नव्हता,” मी म्हटलं. “माझं लग्न व्हायच्या आधीपासून या पागेत घोडा नाही. अडतीसपासून मी आहे.”

ते आत आले. चुलीवर भाजी होती, तिच्यात डोकावले. भिंतीवर वर्षावर्षाची काजळी होती, तिला बोट लावून बघितलं. दुर्गा लहान असताना मी तिची उंची दाराच्या चौकटीवर विळीनं खुणावायची, त्या खुणा त्यांनी मोजल्या. बाहेर आले आणि कागद काढला.

“मला दिसतंय ते दिसतंय,” ते सगळ्यांना म्हणाले. “पण नियमाला माणूस लागतो. या बाई इथं राहतात असं कोण सांगतं?”

कुणी सांगेना. मी एकेकाकडे बघत गेले. ज्यांच्या मुलींच्या लग्नातले परकर मी शिवले, ज्यांच्या बाळंतिणींना मी शेक दिला, ते फेटेवाले गटाराकडे बघत होते. भालचंद्र चांगला होता, पण तोही दोन पावलं मागं सरकला.

मी दादासाहेबांपुढं जाऊन उभी राहिले. “तुम्ही सांगा. माझ्याकडे बघून सांगा, मी कुठं राहते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांना म्हणाले, “आमचं एकत्र कुटुंब आहे. चूल एक. बाईमाणूस आहे, हट्टाला पेटलंय. लिहा तुम्ही, पागा.”

साहेबांनी उसासा टाकला. पेन उघडलं. मी तिथून हलले नाही. मनात म्हटलं, लिहू दे, मी खाटेवर जाऊन बसते, बघू कोण उठवतो.

तेवढ्यात मागचं मोठं दार वाजलं. सगळ्यांनी वळून बघितलं आणि पुरुषांची रांग आपोआप बाजूला झाली. सुलोचनाबाई येत होत्या. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. पायात काही नव्हतं. साठीची बाई, लग्न होऊन आल्यापासून या गल्लीची माती त्यांच्या पायाला लागली नव्हती, बाहेर पडायचं तर पडदा लावलेला टांगा दाराशी यायचा. त्या ओट्यापर्यंत आल्या.

“आत जा,” दादासाहेब म्हणाले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

जाऊबाई गेल्या नाहीत. साहेबांना म्हणाल्या, “चूल वेगळी आहे. एकोणीस वर्षांपासून वेगळी आहे.”

“तुम्ही कोण?”

“यांची बायको. हिला पागेत ठेवायचं मी म्हटलं होतं. माझ्या माहेरची माणसं यायची होती, खोली हवी होती. मग ती माणसं गेली, आणि हिला परत बोलवायचं कुणी काढलं नाही. मीही नाही काढलं.” त्यांनी साहेबांच्या कागदाकडे हात केला. “लिहा. मंदा धुमाळ इथं राहते. सही कुठं करू?”

साहेबांनी कागद ओट्यावर ठेवला. जाऊबाईंनी खाली वाकून मोडीत सही केली, सावकाश, पूर्ण नाव. दादासाहेबांनी फेट्याचा शेमला खांद्यावरून सारखा केला आणि मागच्या दारानं निघून गेले. कुणी त्यांच्यामागे गेलं नाही.

“पट्टी इथं थांबेल,” साहेब म्हणाले. “अलीकडची सहा घरं बाजारात. इथून पुढं रहिवास.” नक्शातल्या लाल पट्टीवर त्यांनी आडवी रेघ मारली, आमच्या उंबऱ्याशी. भालचंद्राचं घर बाजारात गेलं. त्याच्या कचेरीत पुढं त्या सिंधी माणसाचं कापडाचं दुकान निघालं आणि चांगलं चाललं. आमच्या पलीकडच्या घरांनी त्या वेळी मला दुवा दिला नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. दोन दिवसांनी मात्र एकेकानं आपली गोधडी पुढच्या दारात वाळत घातली.

सगळे पांगले. ओट्यावर आम्ही दोघीच राहिलो. दुर्गा छपरावरून उतरून एका बाजूला उभी. जाऊबाई परत जातील असं वाटलं, पण त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी उंबरा ओलांडला आणि पागेत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खाट आत ओढून दिली. त्या बसल्या. चूल पेटलेली होती, धूर होता, माध्यान्ह झाली होती. थोड्या वेळानं त्यांनी पदरानं कपाळ पुसलं, मग मान, मग पुन्हा कपाळ. चारी भिंतींकडे बघितलं.

“इथं वारा येतच नाही का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही येत,” मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं असं पुढं काही बोलले नाही.